डब्याची वाट : नांदेड ते लातूर

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर अशी गावे घेत जाते. या वाटेने आपली किती तरी माणसे रोज ये-जा करतात. कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी दवाखान्यात, कोणी शिकायला ठेवलेल्या लेकराला भेटायला. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून तर गाडीत बायकाच जास्त दिसतात. प्रवासाला निघालेला माणूस वाटेत किल्ले, देवळे, धरणे पाहतो. मागच्या हिवाळ्यात, येळवशीच्या आदल्या आठवड्यात, मी ही वाट केली तेव्हा एकच गोष्ट पाहायचे ठरवले होते : आपली माणसे काय खातात आणि लेकरांना काय खाऊ घालतात?

त्याला कारण घडले होते. माझी भाची लातूरला खोली करून राहते आणि बारावीचा अभ्यास करते. थकवा येतो, चक्कर येते म्हणून तिचे रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन नऊच्याही खाली निघाले. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारले, "जेवतेस काय?" पोरीने खरे ते सांगितले. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री अभ्यासाच्या नादात दोन मिनिटांत शिजणाऱ्या पाकिटातल्या शेवया. घरात ज्वारी आहे, डाळ आहे, आई सुगरण आहे. आणि लेकीच्या अंगात रक्त नाही! वाचकहो, ही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या आणि लहान मुलांत तर दर तिघांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमी आढळले आहे.

गोदाकाठची पंगत

नांदेडला गाडी सुटायला वेळ होता, म्हणून सचखंड गुरुद्वाऱ्याकडे चक्कर मारली. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ साली इथे निधन झाले. आजची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. इथला लंगर सर्वांना ठाऊक आहे. कोण कुठला, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारत नाही. सगळे एका ओळीत खाली बसतात आणि ताटात गरम रोटी आणि डाळ पडते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावजेवणात पंगतीबाहेर बसावे लागले, त्यांना या ओळीत बसताना काय वाटते ते वेगळे सांगायला नको.

मी स्वयंपाकाच्या बाजूला पाहत उभी राहिले. रोज इतकी माणसे जेवतात, तरी अन्न त्या त्या दिवशी शिजते. एकीकडे पीठ मळणे चालू आहे, एकीकडे रोट्या लाटणे, एकीकडे भांडी घासणे. म्हातारे आहेत, तरुण पोरे आहेत, बायका आहेत, पुरुषही तितकेच आहेत. इतक्यांना ताजे जेवण मिळते ते काम अनेक हातांत वाटले आहे म्हणून. आपल्या घरात माणसे पाच, पण चुलीपाशी हात दोनच. ते दोन हात बांधकामावर, धुण्याभांड्याला किंवा शेतात मजुरीला जाऊन थकून आलेले असतात. मग संध्याकाळी पाकीट फुटते. यात आईचा आळस शोधणारा माणूस त्या घरात कधी राहिलेला नसतो.

बसस्थानकावर दोन दुकाने शेजारी शेजारी होती. एका हातगाडीवर अर्धापूरची केळी. अर्धापूर तालुका केळीसाठी सगळीकडे प्रसिद्ध आहे आणि नांदेडला ती ताजी मिळतात. शेजारच्या दुकानात चकचकीत पुड्यांच्या माळा छतापासून खाली लोंबत होत्या. मी उभी होते तेवढ्या वेळात लेकरांनी हात पुढे केला तो पुड्यांकडे. केळीवाल्याकडे एक आजोबा आले, तेवढेच.

गाडीतल्या आजीबाई

लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. खंडोबाच्या यात्रेमुळे आणि घोडे-उंट-गाढवांच्या बाजारामुळे हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. तिथे एक आजीबाई नातवाला घेऊन चढल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. गाडी चालू लागली तशी त्यांनी फडके सोडले. दोन ज्वारीच्या भाकरी, कारळाची चटणी, एक कांदा. नातवाच्या हातात पुडी होती.

"खा की रे, भाकर खा," आजी म्हणाल्या.

पोराने मान हलवली. "भाकर नको. आय, शाळंत समदे हासत्यात."

आजी माझ्याकडे वळल्या. "बघा बाई. आमच्या येळंला दारोदार फिरून भाकर मागून आणायची. आलेली ती बी शिळी, कडक. पाण्यात भिजवून खायची. आता घरात ताजी हाय, तर ही पोरं म्हणत्यात, भाकर गरिबाची हाय."

त्या दोन वाक्यांत आपल्या खाण्याचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. गावकीची कामे करायची आणि मोबदल्यात दारात उभे राहून शिळेपाके घ्यायचे, हे आपल्या वाडवडिलांच्या नशिबी नव्हे, तर समाजव्यवस्थेने त्यांच्या माथी मारलेले जिणे होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे बजावले. लोकांनी ऐकले. त्याची किंमत कित्येकांनी उपाशी राहून दिली, पण ऐकले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या बायकांनी खडी फोडली, रस्त्याच्या कामावर सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. इतके सोसून स्वतःच्या कष्टाच्या धान्याची, स्वतःच्या चुलीवरची ताजी भाकरी आपल्या घरात आली. आणि आज तिचीच लाज वाटू लागली!

पोराची चूक नाही. त्याला भाकरीमागचा अपमान तेवढा ऐकून माहीत आहे आणि पुडीमागची जाहिरात रोज दिसते. त्याला वाटते, पुडी खाल्ली की आपण शहरातले, शिकलेले. पण पुडीत असते काय? कोणी तरी, कुठे तरी, काही महिन्यांपूर्वी तळून ठेवलेले. रंगीत कागदातले असले तरी ते शिळेच. दारात मागून आणलेले शिळे आपण स्वाभिमानाने सोडले, तर पैसे मोजून आणलेले शिळे कौतुकाने का खावे?

धाराशिव जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या घरात काय शिजत होते, त्याची त्यांनी नोंद केली. २०२४ साली ते इंग्रजीतही आले. ज्या खाण्याला पाककृतींच्या पुस्तकांत जागा नव्हती, ते आता जगभरचे लोक वाचतात. मग आपल्याच लेकरांनी डब्याचे झाकण अर्धवट का उघडावे?

मात्र एक सांगितले पाहिजे. जुने ते सगळे सोने नव्हते. आपल्या वाडवडिलांच्या खाण्यात रानभाज्या होत्या, तशी उपासमारही होती. तेल नसायचे, दूध नसायचे, पोट भरायचे नाही. त्या उपाशीपणाला कोणी आरोग्य म्हणू नये. आपल्याला त्यातले घ्यायचे आहे ते ज्वारी, डाळी, पाला आणि कांदा-चटणी. पोटभर आणि ताजे.

ज्वारी कुठे गेली?

अहमदपूरला गाडी थांबली. पुढे चाकूरपर्यंत दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा दिसत होता. पण जाणती माणसे सांगतात, पूर्वी या पट्ट्यात पावसाळ्यात ज्वारी उभी असायची. आता खरिपात सोयाबीन आहे. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे नाकारता येत नाही. पण ज्वारी होती तेव्हा मजुराला धान्यात मजुरी मिळे, जनावराला कडबा मिळे. सोयाबीन काढून मजूर घरी येतो तेव्हा त्याच्या हातात पैसे असतात, भाकरीचे पीठ नसते. ते दुकानातून आणावे लागते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून घरोघर ताटातली भाकरी मागे पडली.

हे नुकसान आकड्यांतही दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशातल्या अन्नपदार्थांची तपासणी करून तक्ते छापले आहेत. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतू म्हणजे चोथा असतो. मैद्यात चोथा ३ ग्रॅमसुद्धा नाही. हा चोथा पोट साफ ठेवतो आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू सोडतो. म्हणून भाकरी खाल्लेला माणूस दुपारपर्यंत काम करतो आणि बिस्कीट खाल्लेल्या पोराला दुसऱ्या तासालाच भूक लागते. याच संस्थेने मे २०२४ मध्ये खाण्यापिण्याचे नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात भारतातल्या एकूण आजारांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असा अंदाज दिला आहे. साखरेचा आजार, रक्तदाब हे आता श्रीमंतांचे आजार राहिले नाहीत. आपल्या वस्तीत घरागणिक गोळ्या चालू आहेत.

लातूर : सोळा रस्ते आणि डब्यांची गाडी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार आहे. लातूरची डाळ देशभर जाते. २०२४ साली जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मालाचा गुण या मातीचा आहे, असा सरकारी शिक्का बसला. डाळ, चिंच, कोथिंबीर! गरिबाच्या वरणाला आणखी काय लागते?

आणि याच शहरात हजारो लेकरे पाकिटावर जगतात. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाले, तेव्हापासून गावोगावची मुले इथे शिकायला येतात. आईबाप जमीन गहाण टाकतात, कर्ज काढतात, फी भरतात. खोलीचे भाडे भरतात. मग खाण्यावर काटकसर होते. काही खानावळी चांगल्या आहेत. काहींत डाळ म्हणजे पिवळे पाणी आणि भाजीत तेलाचा तवंग.

पण सकाळी बसस्थानकावर मी जे पाहिले ते सर्वांना सांगण्यासारखे आहे. खेड्यांतून येणाऱ्या पहिल्या गाड्यांत माणसांबरोबर डबेही येतात. पिशव्यांवर मुलाचे नाव लिहिलेले. गावात आई पहाटे उठून भाकरी-भाजी करते, बाप किंवा भाऊ फाट्यावर येऊन डबा गाडीत ठेवतो, आणि लातूरला पोरगा येऊन उचलतो. रिकामा डबा परतीच्या गाडीने जातो. चालक-वाहकांनी ही जबाबदारी आपली मानली म्हणून हे चालते. शाळेत दुपारचे जेवण शिजवूनच द्या, नुसते धान्य वाटू नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २८ नोव्हेंबर २००१ रोजी द्यावा लागला. या माउल्यांनी कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही.

भाचीच्या खोलीत चौघी मुली राहतात. दोघींचे डबे असेच येतात. माझ्या बहिणीचे गाव आडवाटेला. तिथून सकाळची गाडी नाही. मग आम्ही चौघींना बसवून विचार केला. खोलीत गॅसची लहान शेगडी होतीच. भाकरी चौघींपैकी एकीलाच धड येत होती. तिने बाकीच्यांना शिकवायची, बदल्यात तिची भांडी बाकीच्यांनी घासायची, असे ठरले. रात्रीचे वरण-भात आणि पालेभाजी पाळीपाळीने. पाळी सात दिवसांची वहीत लिहून भिंतीला लावली. हिमोग्लोबिन इतके खाली असेल तर नुसत्या जेवणाने भागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात, आणि त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्याही सुरू केल्या.

एक अडचण मात्र मुलींच्या हातातली नव्हती. ती म्हणजे पाणी. स्वयंपाक म्हणजे धुणे, निवडणे, शिजवणे, भांडी घासणे; प्रत्येकाला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलो नाही. ज्या बाईचे दोन तास टँकरच्या रांगेत जातात, तिला 'घरचे खा' असे सांगणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. वस्तीत नळ येणे हीसुद्धा आहाराचीच मागणी आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी ती तशीच मांडावी.

येळवशीची भज्जी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिव भागात आणि नांदेडच्या काही गावांत येळवस असते. त्या दिवशी लातूर शहर ओस पडते. सगळे शेतात जेवायला जातात. पूजाअर्चा ज्याची त्याच्याकडे. आपल्याला त्या दिवशीच्या जेवणापासून शिकायचे आहे. भज्जीमध्ये तुरीचे ओले दाणे, ओला हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, आंबट चुका असे जे जे त्या हंगामात शेतात असेल ते सगळे पडते आणि बेसन लावून एकत्र शिजते. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली ज्वारीची आंबील. डाळी, पाला, भरड धान्य आणि ताक. आहारतज्ज्ञ ज्याला चौरस आहार म्हणतात तो यात सगळा आला. हे जेवण वर्षातून एकदाच का? थोड्या प्रमाणात, तीन-चार भाज्यांची भज्जी हिवाळ्यात दर आठवड्याला होऊ शकते. शेत नसले तरी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी भाजी स्वस्त मिळते, हे आपल्या माताभगिनींना सांगायला नको.

आपल्या घरी काय करता येईल?

कामाला जाणाऱ्या घरात जे जमेल तेच सांगते. सुट्टीच्या दिवशी शेंगदाणा, जवस किंवा कारळाची चटणी कुटून ठेवावी, आठवडाभर पुरते. रात्री मूठभर मटकी किंवा हरभरा भिजत घालावा. सकाळी कांदा-मीठ घालून घुगऱ्या करायला वेळ लागत नाही, आणि पुडीऐवजी लेकरांच्या खिशात त्याच द्याव्यात. पहाटे निघायचे असेल तर ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे पीठ, बेसन, मेथी आणि लसूण-मिरची घालून धपाटे करावेत. हिवाळ्यात ते दुसऱ्या दिवशीही चालतात, उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवावेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. चहा जेवणाबरोबर घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. चहा लोह अडवतो.

पैशाचा हिशेबही करून पाहा. घरात रोज दहा रुपयांच्या दोन पुड्या येत असतील तर महिन्याला सहाशे रुपये होतात. तेवढ्यात शेंगदाणे, गूळ आणि फुटाणे किती येतात, ते दुकानदाराला विचारा.

आणि मुलांना पाकीट वाचायला शिकवा. त्यावर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. जो पदार्थ वजनाने जास्त, तो आधी, असा नियम आहे. बहुतेक बिस्किटांवर मैदा, साखर आणि पाम तेल हीच नावे आधी दिसतील. सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झाले. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिकलेल्या लेकराने आईला हे वाचून दाखवले तर शिक्षणाचा उपयोग घरात दिसेल.

शेवटचे, पुरुष मंडळींसाठी. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या कायद्याने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कामगाराला घरासाठी वेळ मिळाला. त्या वेळेतला अर्धा तास रोज चुलीपाशी द्या. भाजी निवडा, भांडी घासा, भाकरी थापायला शिका. घरातले चार हात लागले तर ताजे जेवण रोज होईल आणि बाईलाही गरम भाकरी खायला मिळेल. आजवर ती सगळ्यांना वाढून उरलेले खात आली आहे. घरातले हे शिळे खाणेही आता थांबले पाहिजे.